मोजणीबाईंची प्रवेशपरीक्षा

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती. लिफ्ट खाली पोचली की दार उघडायच्या आधीच गरम वाफेचा आणि साबणाचा वास आत यायचा. सात धुलाईयंत्रं, चार ड्रायर, भिंतभर लांब रोलरची इस्त्री आणि बावीस माणसं. या सगळ्या कारभारावर अकरा वर्षं जिची नजर होती, तिला लोक तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मोजणीबाई’. दोन्ही नावं तिच्या कानावर होती. वॉर्डातून मळक्या चादरींची गाडी आली की ती मोजायची, धुऊन निघाल्या की मोजायची, वर पाठवताना परत मोजायची. रोलरवर काम करणारे इस्त्रीमास्तर म्हणायचे, “बाईंना उद्या भूल दिली ना, तर डॉक्टरांचं बोट धरून शंभरपर्यंत मोजतील आणि मगच झोपतील.”

तिला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. एक गाऊन कमी पडला तर वर कुणीतरी उघड्या अंगाने तपासणीच्या टेबलावर बसून राहतं, हे तिने पाहिलं होतं.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिने व्यवस्थापनाच्या कोर्सची प्रवेशपरीक्षा द्यायचं मनावर घेतलं, त्याला एक बैठक कारणीभूत झाली. वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, बाहेरून आलेल्या एका सल्लागाराने पडद्यावर आलेख दाखवला. लाँड्रीत रोज सरासरी इतके कपडे येतात, तेव्हा तीन ड्रायर पुरतात, चौथा काढून टाकावा. मोजणीबाईंना बसल्या जागी कळलं की हे चुकतंय. शनिवार-रविवारचा सगळा ढीग सोमवारी खाली येतो. त्या दिवशी चार ड्रायरही धापा टाकतात. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, “सोमवारी तसं नसतं.” लोक समजूतदारपणे हसले. सल्लागाराने पुढचं पान लावलं.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना ती नवऱ्याला म्हणाली, “मला ठाऊक होतं, पण त्यांच्या भाषेत सांगता आलं नाही. चिडचिड त्याची होते.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकंच बोलणारा माणूस. त्याने ताट पुसून ठेवलं आणि तो म्हणाला, “मग ती भाषा शीक. फक्त मला गणित विचारू नकोस.”

शहरातल्या बिझनेस स्कूलमध्ये नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. पदवी तिच्याकडे होती, लग्नाआधी मिळवलेली, कपाटात तळाशी ठेवलेली. प्रवेशपरीक्षेत शंभरातले पंचावन्न गुण लागत. तिने सराव प्रश्नांचं जाडजूड पुस्तक आणलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत, घड्या घातलेल्या चादरींच्या कपाटाशेजारी स्टूल ओढून बसायला लागली.

ही गोष्ट तळघरात लपून राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीमास्तर डबा घेऊन समोर येऊन बसले. “वाचा की मोठ्याने. आम्हालाही कळू दे, साहेब लोक काय शिकतात.”

तिने वाचलं, “एक कामगार एक काम सहा तासांत करतो, दुसरा तेच काम तीन तासांत करतो. दोघं मिळून किती तासांत करतील?”

“पाच,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, एकटा दुसराच तीन तासांत करतोय.”

“एकटा असताना. जोडीला माणूस आला की पहिला तास गप्पा, दुसरा तास कुणी किती केलं यावर भांडण, आणि उरलेले तीन तास काम. पुस्तक लिहिणाऱ्याने लाँड्रीत कधी पाऊल ठेवलेलं नाही.”

पुस्तकात उत्तर दोन तास होतं. मास्तरांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

घरी तिची शिकवणी घ्यायची मुलगी. सोळा वर्षांची, गणितात तरबेज आणि संयमाच्या नावाने आनंदीआनंद. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोघी बसत. आईला बीजगणित आठवायला वेळ लागला, पण आठवलं. शब्दांचे प्रश्न जमले. गाडी अडायची ती एकाच प्रकारच्या प्रश्नापाशी. त्यात एक प्रश्न आणि खाली दोन विधानं दिलेली असत, आणि सांगायचं एवढंच की उत्तर काढायला ही माहिती पुरते की नाही. उत्तर काढायचंच नाही.

“वर्गात मुली किती?” मुलीने वाचून दाखवलं. “पहिलं विधान, वर्गात एकूण चाळीस मुलं-मुली आहेत. दुसरं, मुलांपेक्षा मुली सहाने जास्त आहेत.”

आईने कागद ओढला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. “तेवीस,” ती म्हणाली. मग सतरा आणि तेवीस यांची बेरीज करून पडताळलं. “बरोबर, तेवीसच.”

“आई, तेवीस कुणी विचारलंय? दोन्ही विधानं मिळून माहिती पुरते, हे उत्तर आहे. ते वाचता वाचता कळतं.”

“पण काढून बघितलं तर बिघडलं कुठे?”

“दोन मिनिटं बिघडली.”

आणि तसंच झालं. पहिल्या खेपेला ती परीक्षेला बसली तेव्हा जे सोडवलं ते जवळपास सगळं बरोबर आलं, पण शेवटच्या अकरा प्रश्नांना हात लावायच्या आत वेळ संपली आणि कॉम्प्युटरचा पडदा बंद झाला. एकेचाळीस गुण. घरी आल्यावर मुलगी निकालाचा कागद घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तुला शिकायचं नाहीये, आई. तुला फक्त प्रत्येक ठिकाणी बरोबर ठरायचंय.”

नवऱ्याने मुलीकडे पाहिलं. आईने पुस्तक उचलून फ्रिजवर ठेवलं आणि पुढचे आठ-दहा दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघी एकमेकींशी बोलायच्या, पण डबा भरला का, छत्री घेतलीस का, इतपतच. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी दोनदा विचारलं, “आज प्रश्न नाही?” तिने दोन्ही वेळा विषय बदलला.

मग एका मंगळवारी सकाळी चारपैकी दोन ड्रायर एकदम बंद पडले. पट्टे जळाल्याचा वास सगळ्या तळघरात पसरला. मेकॅनिक दुपारपर्यंत येणार नव्हता. सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत असतानाच फोन वाजला. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. आज सहा शस्त्रक्रिया आहेत, निर्जंतुक करायला कापड पुरेल का? नसेल तर आत्ताच सांगा, शेवटच्या दोन उद्यावर ढकलते.

मोजणीबाईंनी थिएटरच्या कापडाच्या कपाटाकडे नजर टाकली. वरचे तीन कप्पे काठोकाठ भरलेले होते. एका कप्प्यात दोन शस्त्रक्रिया कशाही निघतात. “पुरेल,” ती फोनवर म्हणाली. “काही ढकलू नका.”

फोन ठेवून ती दोरीवर ओल्या चादरी कशा घालायच्या ते सांगायला वळली. मास्तर रोलरपाशी हात बांधून उभे होते.

“बाई, तुम्ही मोजलं नाहीत.”

“काय?”

“कापड. पुरेल म्हणालात, पण मोजलं नाहीत.”

“मोजायचं कशाला? तीन कप्पे भरलेत, दिसतंय की. नक्की किती आहेत हे त्यांनी कुठे—” एवढं बोलून ती थांबली. मास्तरांना वाटलं बाईंना चक्कर आली. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

ती खरोखर त्या स्टुलावर बसली. गेली अकरा वर्षं ती हे दिवसातून दहा वेळा करत होती. पुरेल का, भागेल का, गाडी आत्ता पाठवू की थांबू. आकडा नंतर यायचा, नोंदवहीसाठी. निर्णय आधीच झालेला असायचा. फक्त पुस्तक समोर आलं की ती तीस वर्षांपूर्वीची शाळकरी विद्यार्थिनी व्हायची, जिला अर्धवट गणित सोडलं तर वर्गातल्या बाई ओरडतील अशी भीती वाटे.

संध्याकाळी तिने फ्रिजवरचं पुस्तक खाली काढलं. मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लिहीत बसली होती.

“तू म्हणालीस ते खरं होतं,” आई म्हणाली.

मुलीने मान वर केली नाही. “मी रागात म्हणाले.”

“रागात म्हणालीस म्हणून खोटं थोडंच होतं? ये इकडे. घड्याळ लाव. पेन्सिल तुझ्याकडे ठेव, माझ्या हाताशी नको.”

त्या दिवसापासून नियम ठरला. तसल्या प्रश्नांना पेन्सिल नाही. आधी आधी तिची बोटं टेबलावर नुसतीच वळवळायची, आणि मुलगी हसायची. कधी ती डोळे मिटून मनातल्या मनात उत्तर काढायची, ते मुलीला तिच्या हलणाऱ्या ओठांवरून कळायचं. “आई, चोरून सोडवतेस.” हळूहळू ओठ थांबले. तळघरातही मास्तर आता प्रश्न ऐकून विचारायचे, “पुरतं का नाही, तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो.”

दुसऱ्या खेपेला नवऱ्याने तिला परीक्षाकेंद्रावर सोडलं. दारात तो म्हणाला, “अडकलीस तर पुढच्या मजल्यावर जा. मी लिफ्टमध्ये तेच करतो.” तिला ते गमतीचं वाटलं, पण आत एका लांबलचक उताऱ्यापाशी गाडी रुतली तेव्हा तिने खरंच तो सोडला. जिवावर आलं होतं. एकूण चार प्रश्न तिने असेच सोडले आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं तेव्हा घड्याळात पन्नास सेकंद उरले होते. ते कशासाठी वापरावेत हे न सुचल्याने ती स्वस्थ बसून राहिली.

अठ्ठावन्न गुण पडले. मुलाखतीत एका प्राध्यापिकेने विचारलं, “या वयात इतका खटाटोप का?” तिने तयार करून नेलेलं उत्तर बाजूला ठेवलं आणि सांगितलं, “मला जे दिसतं ते मला सांगता यावं म्हणून.” प्राध्यापिकेने काहीतरी लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि नवरा त्या दिवशी चक्क पाच-सहा वाक्यं सलग बोलला.

वर्ग सुरू होऊन आता आठ महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस ती लाँड्रीतून थेट तिकडे जाते. अंगाला साबणाचा वास असतो, म्हणून आधी ती मागच्या रांगेत बसायची. आता पुढे बसते, कारण मागून फळ्यावरचं दिसत नाही. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात तिला वर्गात तिसरा नंबर मिळाला आणि अर्थशास्त्रात ती काठावर पास झाली. शेजारी बसणारा औषधांच्या दुकानाचा मॅनेजर तिच्याकडून संख्याशास्त्र समजून घेतो आणि तिला अर्थशास्त्र शिकवतो. मागणीचा तक्ता अजून तिच्या डोक्यात पूर्ण शिरलेला नाही. येत्या गुरुवारी परत त्यावरच बसायचं त्यांचं ठरलंय.