तेल अजून मुरलं नाही

मुलगा फोनवर म्हणतो, आई, बाबांचं ते टेबल विकून टाक, जागा अडते. ते का विकणार नाही ते सगळ्यांना एकदाच सांगते.

हे पाण्याचे मीटर वाचायचे. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहिले, कानावर पेन्सिल. रिटायर झाले आणि लाकडाचा नाद लागला. मागच्या खोलीत एकेक फळी नेली, रंधा मारला, टेबल केलं. मग जवसाचं तेल. फडक्यानं एक हात द्यायचा, मुरू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, परत हात. घरभर वास. फडकी दोरीवर पसरूनच वाळत घालायची, बोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात म्हणायचे. शेजारीण मला विचारायची, "तुमच्या ह्यांचे रुमाल रोज एवढे कसे हो मळतात?"

माझा भाऊ एकदा पांढरी पँट घालून आला आणि ओल्या टेबलावरच टेकला. उठला तर मागं हा मोठा पिवळा गोल. "ताई, भावजींना सांग, मी लाकूड नाही." हे म्हणाले, "रंग मात्र छान चढलाय."

मला टेबल पुढच्या खोलीत खिडकीशी हवं होतं. जेवताना येणारीजाणारी माणसं दिसतात. मी म्हटलं की हे म्हणणार, "अगं, तेल अजून मुरलं नाही." दर वर्षी तेच. मी म्हणायचे, "एवढ्या वर्षांत माणूससुद्धा मुरतो हो." मागच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला, तेव्हापासून विचारायचं सोडलं. टेबलाचं काय घेऊन बसू तेव्हा.

ते गेले त्याला पाच महिने झाले. मी ओट्याशी उभ्यानंच खाते. बसलं की समोरची जागा दिसते. म्हटलं, टेबल खिडकीशी नेऊ, रस्त्यावरची माणसं तरी सोबतीला होतील. सुताराला बोलावलं. टेबल आडवं केलं, तो पुढं, मी मागं. दारात अर्धं गेलं आणि बसलं अडकून. दारासमोरच भिंत, वळवायला जागा नाही. तो बाहेर, मी आत कोंडलेली.

"काकू, हे कधी बाहेर गेलंय का?"

"नाही बाबा."

"मग जाणारच नाही. आतच केलंय, पाय सरस लावून पक्के. कापावे लागतील. करवत आणतो, घाबरू नका."

"घाबरते कशाला, पळून थोडीच जाणार आहे."

तो गेला. टेबलाची खालची बाजू माझ्या तोंडासमोर. तिथं पेन्सिलीनं ह्यांचं अक्षर, मीटरच्या वहीसारखं, तारखा घालून. पहिला हात, ही म्हणते वास येतो. दुसरा हात, मेव्हण्याची पँट. मग, दारातून जात नाही, माप चुकलं, हिला सांगवत नाही.

मी मोठ्यानं हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसताहसता ह्यांनाच सांगायला मागं वळले.

खाली दर वर्षाची एक ओळ. तेल लावलं. विचारलं. मुरलं नाही म्हणालो. अशा नऊ. शेवटची मागच्या वर्षीची. तेल लावलं. हिनं विचारलं नाही.

एवढंच. मी विचारायची ते वाट बघत असतील, हे मला कधी कळलंच नव्हतं.

सुतार आला. "काकू, कापू?"

"राहू दे. आत ढकल परत."

"अहो, पण खिडकी?"

"तेल अजून मुरलं नाही," मी म्हटलं. त्यानं करवत खाली ठेवली आणि टेबल आत ढकललं.

आता ताट मागच्या खोलीत नेते. तिथं कुणी दिसत नाही, जेवण लवकर उरकतं. काल बाटलीतलं उरलेलं तेल लावलं, फडकं दोरीवर पसरलं. मग गुडघे धरत टेबलाखाली शिरले, त्यांच्याच पेन्सिलीनं तारीख घातली आणि लिहिलं, विचारलं.