सासूबाईंचे गुडघे

गोवा घटकराज्य झाल्याला एक-दोन वर्षं झाली होती. पेडण्यात आमच्या घरी चवथीला गणपतीसमोर शेजारणी फुगड्या घालायला जमत. माझ्या सासूबाई फुगडीत पट्टीच्या, पण अलीकडे त्या भिंतीला टेकून बसायच्या. विचारलं की एकच, "ढोपरां दुखतत गो." भिंतीकडच्या सगळ्याच वयस्क बायकांचे गुडघे दुखायचे.

मी पडले हट्टी. त्या वर्षी हात धरून त्यांना ओढलंच. चार गिरक्या झाल्या आणि हात सोडून त्या मटकन खाली बसल्या. काही केल्या उठेनात. बायका प्रसाद घेऊन निघाल्या तरी तिथेच. रुसल्या असतील म्हणून मीही फणकारले. सगळ्या गेल्यावर त्या उठल्या, तेव्हा खालची फरशी ओली होती.

"उडी मारली काय सुटता गो. खोकल्यार, हसल्यार पण. देवाच्या म्होरं घाण केलंय मी. आता चवथीक ह्या खोलयेत पाय ठेवचंय नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाच बाळंतपणं काढलेली बाई, देवाची माफी मागत फरशी पुसत होती. मला रडूच आलं.

म्हापशाहून पाळीच्या पट्ट्यांचं पाकीट आणलं. दुकानदाराने ते वर्तमानपत्रात असं गुंडाळलं, जसा काही चोरीचा माल. पण त्या पट्ट्या नेमक्या वेळी सरकायच्या. मग मीच मशीनवर बसले. जुन्या टॉवेलच्या घड्या, खाली तान्ह्या बाळाच्या अंथरुणात घालतात ते रबरी कापड, वर मऊ सुती आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायला दोन्ही टोकांना बटणं. पहिली घडी काचली, दुसरी चालताना वाजायची. तिसरी जमली.

"आई, खोकून बघा."

त्या खोकल्या.

"आता उडी मारा."

परसात फणसाखाली आम्ही दोघींनीच फुगडी घातली. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या, तरी लुगडं कोरडं!

पुढच्या चवथीला त्या खोलीच्या उंबऱ्याशी जरा घुटमळल्या. मग आत आल्या, देवाला हात जोडले, पदर खोचला आणि फुगडीला उभ्या राहिल्या. भिंतीकडच्या बायका नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एक, शेजारच्या काकी, मागच्या दारी आल्या. मला हळूच विचारलं, "तुझ्या सासयेन ढोपराक काय लायल्यान गो?"

मी सारवासारव करणार, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांच्या हातात मी शिवून ठेवलेली एक कोरी घडी होती. ती काकींच्या हातात देऊन त्यांनी सगळं सांगितलं, फरशीसुद्धा.

काकींनी घडी उलटसुलट करून पाहिली आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"इतकी वर्सां माका वाटलां, ह्यां फकत माकाच होता."

"माका पण," म्हणत सासूबाई त्यांच्याशेजारी टेकल्या.