सगळ्यांचं कीटोन, माझं बोट

“पासलीची पोरगी हाय ती. भाताबिगर ऱ्हाती व्हय? तपासायचं आसंल तर पैली तिला तपासा!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी मोरीत भांडी घासत होते. नळ बंद केला आणि सासूबाईंचा आवाज तेवढा आत आला. मी नळ पुन्हा सोडला. नव्या सुनेला काय काय ऐकू येतं, हे घराला कधी कळत नाही, म्हणून तिच्याकडे किस्से साठत जातात. खरकट्या भांड्यांसारखेच. झाले म्हणेपर्यंत पुढचे येऊन पडतात.

तर आमचं घर सारोळ्याचं, हायवेच्या कडेला. मामा म्हणजे सासरे, आत्या म्हणजे सासूबाई, भाऊजी म्हणजे धाकटे दीर, हे, आणि पाचवी मी. या सगळ्याला कारण म्हटलं तर आमचं लग्नच. अल्बम घरी आला आणि प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या आधी पोटं दिसली. मामांनी अल्बम मिटला. भाऊजींनी मोबाईल उघडला. दुसऱ्या दिवसापासून घर कीटोवर! भात, भाकरी, साखर बंद. अंडी, पनीर, तूप, पालेभाजी चालू. मामा भोरच्या डॉक्टरांना विचारून आले. शुगर नाही, बीपी नाही, करा म्हणाले.

घरात चूल एक, म्हणून मीही कीटोवर. त्या अल्बममध्ये सगळ्यात बारीक मी होते. ते कुणी बघितलं नाही.

पासलीला माझ्या माहेरी, भाताच्या मुलखात, दारी आलेल्याला ‘जेवलात का’ विचारत नाहीत, ‘भात झाला का’ विचारतात. पण मोरीतलं ते वाक्य ऐकलं आणि ठरवलं, एक शीतसुद्धा तोंडात घालायचं नाही. नव्या घरात माणसाकडे दुसरं असतं काय? खरेपणा तेवढा असतो.

*

भात पोटात गेला नाही की अंगातली चरबी जळते, चरबी जळली की कीटोन तयार होतात, आणि कीटोन मोजले की घरात चोरून कोण खातंय ते कळतं. हे भाऊजींचं शास्त्र. मोजायचे मार्ग तीन. लघवी, फुंकर आणि रक्त. स्वस्तातला पहिला.

लघवीत बुडवायच्या पट्ट्यांची बाटली आली. पट्टी जितकी गडद जांभळी, तितके कीटोन जास्त. मामा रोज सकाळी स्वतःची पट्टी खिडकीत वाळत घालायचे. बाटलीवरच्या रंगांशी जुळवून बघायचे आणि दूध घालायला आलेल्या माणसालाही दाखवायचे. तो बिचारा लांबूनच मान डोलवायचा.

मग मामांच्या लक्षात आलं की पाणी कमी प्यायलं की रंग गडद येतो. झालं! त्यांनी पाणीच सोडलं. भर उन्हात बांधावर गेले आणि तिथेच बसले खाली. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने सलाईन लावलं. भाऊजी बाटलीवरचं वाचून ओरडले, “आवो, यात ग्लुकोज हाय!”

मामा डोळे मिटूनच म्हणाले, “येवढ्या दिवसांची कमाई. नळीतनं गेली बघ.”

*

पट्ट्यांची बाटली न्हाणीघरात असायची आणि झाकण कुणीच लावत नव्हतं. वाफेने पट्ट्या आपोआपच रंगायला लागल्या. ह्यांना शंका आली. ह्यांनी एक पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली. ती सगळ्यांच्या पट्ट्यांसारखीच निघाली.

आत्या दारात उभ्या होत्या. “काय रं, नळबी डाएटवर हाय का?”

*

मधल्या काळात मी फ्लॉवर किसून त्याचा भात करायला शिकले. भाऊजींनीच व्हिडिओ दाखवला होता. दिसायला अगदी भात. मामांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि ताटाकडे बघत म्हणाले, “सूनबाई, ह्यो भात न्हाई. ह्ये भाताचं भूत हाय.”

पुन्हा वाढू का विचारलं, तर हात आडवा.

*

मग फुंकायचं मशीन आलं. यात लाज नाही, पट्टी नाही. नुसतं फुंकायचं, आकडा येतो. सगळे खूश. आठवडाभर घरात जो तो शिट्टी वाजवल्यासारखे गाल फुगवून उभा.

त्यात भाऊजी मित्राच्या हळदीला गेले. परत आले, फुंकले, आणि असा आकडा आला की मशीन घेतल्यापासून कुणाचा आला नव्हता.

“बघा! ह्याला म्हन्त्यात डाएट! शिका कायतरी माझ्याकडनं!”

आत्यांनी कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. मामा खुर्चीतून उठले, भाऊजींच्या तोंडाशी नाक नेलं, आणि मशीन हातातून काढून घेतलं.

“मशीनला कीटोन घावलं. मला दुसरंच घावलं.”

*

राहिलं रक्त. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर द्यायचा. हे सगळ्यात खरं, असं भाऊजी म्हणाले. पण पट्ट्या महाग, आणि टोचून घेणार कोण? ह्यांनी सुई बघितली आणि ओट्याला टेकून बसले. मामा म्हणाले, माझं दवाखान्यात झालंय टोचून. भाऊजी म्हणाले, मी मशीन चालवणार, मग मला कोण टोचणार?

शेवटी आत्यांनी निकाल दिला. “हंड्यातलं एक शीत दाबलं की समदा भात कळतो. दहा शितं कोन दाबतं? चूल एक, जेवान एक. एकाचं बघा, समद्यांचं आलं.”

सगळ्यांना पटलं. हेही मान डोलवत होते, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भात बंद झालेल्या घरात शीत झाले मी!

माझा आकडा दीडच्या पुढे आला. येणारच. मामांनी मांडीवर थाप मारली. “घर पास!”

तेव्हापासून रोज दुपारी जेवायच्या आधी माझं बोट. मिरच्या चिरताना ते रोज आठवण करून द्यायचं.

*

घर पास झालं आणि घर सुटलं. ह्यांच्या शर्टाच्या खिशात चिंचेच्या चटणीचे डाग. भाऊजींच्या पँटमध्ये वडापावचा तेलकट कागद. मामांच्या धोतराला जिलबीचा पाक. कपडे मी धुते. मला मशीनची गरज नव्हती.

नव्या सुनेने धुवायचं असतं, वाचायचं नसतं.

महिनाअखेरीला मामा वजनकाट्यावर उभे राहिले. काटा पुढेच गेलेला! ते काळजीने माझ्याकडे वळले. “सूनबाई, तुमी नीट खाताय न्हवं? आमचं वजन का वाडतंय?”

*

परवा रविवार. मामा आणि आत्या भोंगवलीला आत्यांच्या बहिणीकडे जाऊन दुपारी परतले. हे आणि भाऊजी हायवेवरून आले. हातपाय धुऊन सगळे नेहमीसारखे गोल बसले. भाऊजींनी माझं बोट टोचलं, पट्टी लावली.

आकडा आला शून्य पॉइंट एक.

भाऊजींनी मशीन झटकलं. दुसरं बोट टोचलं. तोच आकडा. घर नापास!

मग ह्यांनीच मान खाली घातली. “माझ्यामुळं आसंल. कट्ट्यावर भेळ खाल्ली. दोनदा.”

“तुज्या भेळीनं येवढं पडत न्हाई,” भाऊजी म्हणाले. “मी रोज वडापाव खातूय.”

मामा खाकरले. “हिच्या भनीकडं जिलबी व्हती. न्हाई म्हनाया गेलो तर मानूस वाईट वाटून घेतं.”

आता उरल्या आत्या. त्यांनी पदर सावरला. “म्या काय न्हाई खाल्लं! चतुर्थीला साबुदाना खाल्ला तेवडा. पन त्यो उपास व्हता!”

आणि मग चौघंही माझ्या बोटाकडे बघायला लागले. माझ्याकडे नाही, बोटाकडे. तिथून सगळ्यांना माफी मिळणार असल्यासारखे.

मी बोट पदराला पुसलं आणि म्हटलं, “भात मी खाल्लाय. आईने पाठवलेला नवा तांदूळ लावला सकाळी. तुमच्यासाठी आत्ता पुन्हा लावलाय, कुकर गरम आहे. ज्यांना तपासायचंय त्यांनी आपापलं बोट आणा, ज्यांना जेवायचंय त्यांनी ताट.”