खाली व निर्वेध ताबा

आमचे हे नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून खरेदीखतं टाईप करत आले. एकतीस वर्षं झाली. लोकांची घरं कागदावर इकडची तिकडे केली आणि आम्ही आपले भाड्याच्या दोन खोल्यांत. लोक म्हणायचे, "भाऊसाहेब, कायदा कोळून प्यायलात तुम्ही." मी म्हणायची, प्यायलेत खरे, पण अंगी काही लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या बोटांतली जाणीव जायला लागली. पेला गरम की गार, तेही कळेना. डॉक्टर म्हणाले, टायपिंग बंद करा. बंद करा म्हणे! आणि खायचं काय? तेव्हा ह्यांनी ठरवलं, साठवलेलं सगळं घालून एक फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा आणि हाताला विश्रांती द्यायची. मीच म्हटलं, घ्या.

फ्लॅट एका निवृत्त मास्तरांचा. ह्यांनी तीस वर्षांचे दस्त स्वतः तपासले. मालकी चोख, बोजा नाही, कर भरलेला, सोसायटीचं ना-हरकत पत्र हातात. मागच्या खोलीत मास्तरांचा धाकटा भाऊ राहत होता. आम्ही बघायला गेलो तेव्हा तो मुकाट्याने कांदा चिरत होता. मास्तर म्हणाले, "महिन्याभरात जाईल तो. माझा शब्द." मास्तरांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

खत ह्यांनी स्वतःच टाईप केलं. घरचं काम दुसऱ्याला कशाला द्यायचं? तिथेच माशी शिंकली. प्रत्येक खतात असतं तसं ह्यातही आलं: 'मिळकतीचा खाली व निर्वेध ताबा आज रोजी खरेदीदारास दिला व तो त्यास मिळाला.' बोटं आपली चालत गेली. मास्तरांची सही झाली, ह्यांची झाली, पूर्ण रक्कमही त्याच दिवशी दिली.

महिना गेला, सहा महिने गेले. धाकटा हलेना. दार अर्धं उघडून मला म्हणाला, "वहिनी, बावीस वर्षं मी इथे राहतोय. मला कुणी विचारलंच नाही." मास्तर परगावी मुलीकडे राहायला गेले होते. फोनवर म्हणाले, "ताबा दिला असं खतात आहे की. तुम्हीच लिहिलंय."

वकीलबाईंनी खत दोनदा वाचलं. "ताबा मिळाला असं तुम्हीच लिहून दिलंय, मग मास्तरांकडे मागणार काय? धाकट्यावर दावा लावू. आठ-दहा वर्षं धरून चाला."

हे "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं, मी आकाशपाताळ एक करीन. घरी येऊन मी भाजी निवडली. राग आला नाही, रडू आलं नाही. आत नुसतं बधिर झालं होतं. एवढंच विचारलं, "अहो, हजारो खतं लिहिलीत. आपलंच लिहिताना डोळे मिटले होते का?" हे बोटं चोळत राहिले.

भाडं येणार नव्हतं, ह्यांचा हात चालत नव्हता. म्हणून मी टायपिंग शिकले. आता कीबोर्डवर मी आणि शेजारच्या स्टुलावर हे. हे सांगतात, मी टाईप करते.

परवा एक तरुण नवरा-बायको आले. भाड्याने द्यायला पहिलाच फ्लॅट घेत होते. विकणारा सोबत, सारखा घड्याळ बघत होता. हे सांगत होते, "खाली व निर्वेध ताबा आज रोजी..."

मी हात थांबवला. "ताबा दिला का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. विकणारा म्हणाला, "देऊ की पंधरा दिवसांत. आतला माणूस चाललाच आहे. तुम्ही लिहा हो."

"मग आज दिला असं मी लिहिणार नाही."

त्याने कागद उचलले आणि पलीकडच्या टेबलावर गेला. "अहो ताई, ऐका तरी," मी म्हटलं, पण ती दोघंही त्याच्या मागोमाग गेली. पलीकडच्याने काही न विचारता टाईप करायला घेतलं.

हे चिडतील असं मला वाटलं. हे त्या टेबलाकडे बघत होते.

"सुरुवातीला मीही विचारायचो," हे म्हणाले. "एक गिऱ्हाईक टिकेना. आणि तुला तेव्हा दिवस गेले होते. मग विचारणं सोडलं."