म्हशीनं ताणलेली साखळी

बोअरला पाणी लागलं आणि मग मला मोजणी सुचली. शहाणा माणूस आधी हद्द बघतो, मग मशीन बोलावतो. आमच्या घराण्यात तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथं उभा राहतो, तिथं थेट खणतात.

वरवंडच्या रानात माझ्या आणि चुलतभावाच्या मधला बांध दोघांच्या ट्रॅक्टरांनी खाऊन खाऊन सरीएवढा उरलाय. सरकारी मोजणीदार आला, काठीवरचं यंत्र उभं केलं, उपग्रहाला विचारलं आणि चुन्याची रेघ मारली. बोअर रेघेपलीकडं. वीतभर!

"पाणी मात्र लय गोड लागलंय हां, दादा," चुलतभाऊ म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. उपग्रहाला आमची वाटणी काय माहीत? ती आजोबांनी साखळीनं केलेली. तेहतीस फुटी लोखंडी साखळी; तेवढी लांब, तेवढी रुंद जागा म्हणजे गुंठा. विहिरीजवळच्या दगडापासून चार साखळ्या माझ्या, पुढचं रान त्याचं. साखळी शोधली, तर गोठ्यात सापडली. कित्येक वर्षं तिला म्हैस बांधत होतो.

"ही न्हाई चालायची," तो म्हणाला. "म्हशीनं वढून वढून लांब केलीय. तुमचा गुंठा म्हंजी म्हशीचा गुंठा!"

"आन् तुझा उपग्रह कुठल्या दावणीचा?"

शेवटी त्याची आई, म्हणजे माझी चुलती, कावली. "मोजा एकदाची आन् गप बसा."

मी माझं टोक जीव खाऊन ताणत होतो. त्यानं त्याचं टोक पाहुण्याच्या हातातल्या चहाच्या बशीसारखं अलगद धरलेलं.

"वढ की!"

"वढलीय की!"

चौथ्या साखळीला मी असा हिसका दिला की मधली कडीच उघडली आणि मी सरीतल्या चिखलात बसलो.

"म्हशीला जमलं न्हाई बाबा इतक्या वर्षांत," चुलती म्हणाली.

रेघ राहिली, पाणी त्याचं झालं. पण मोटरीचं कनेक्शन माझ्या नावावर आणि स्टार्टरची पेटी माझ्या हद्दीत, म्हणून पाणी दोघांत वाटून घ्यायचं ठरलं. आता पेटीला साखळीचे दोन्ही तुकडे गुंडाळलेत. एकाला त्याचं कुलूप, एकाला माझं. सकाळी लाइट आली की मी किल्ली घेऊन पेटीपाशी उभा राहतो आणि त्याला फोन लावतो.

"निघालोच, दादा," तो म्हणतो.

तोवर लाइट जाते.