केळीच्या वाडीतलं व्हिएन्ना

एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नात राहून आज वसईत केळी पिकवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलतसासरा म्हणून आला आहे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे हे गृहस्थ गोव्यापलीकडे कधी गेलेले नाहीत. पण त्या काळी त्या शहरात कुठल्या गल्लीतून पियानो ऐकू यायचा, हे छातीठोक सांगतात. त्यांच्याकडे कॉफीशेजारी पाण्याचा ग्लास येतो, कारण तिथल्या कॉफीघरांत तो यायचा. पाणी प्यायलो नाही तर दुखावतात. एकदा किल्ल्यापाशी आमची गाडी अर्धा तास अडकली, तेव्हा म्हणाले, "जावई, व्हिएन्नावाल्यांनी तट पाडून रुंद रस्ता केला. आपण तट राखला आणि रस्ताही नाही केला!"

त्यांचं खरं दुखणं मात्र टाळ्यांचं होतं. "तिथले लोक आवडलं की मध्येच टाळ्या वाजवायचे, पुन्हा वाजवायला लावायचे. आणि आपले? मयताला आल्यासारखे!" चाळीस वर्षं वाजवूनही त्यांना कुणी 'पुन्हा' म्हटलं नव्हतं. चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेवेळी टाळी वाजवायची नसते, आणि लग्नात लोकांचं लक्ष जेवणाकडे. रोज दुपारी चारला ते घरी सराव करत, तेव्हा भाजी निवडता निवडता काकी, म्हणजे त्यांची बायको, "पुरे करा आता" एवढंच म्हणत. मीही कधी 'पुन्हा' म्हटलं नाही, याची आता लाज वाटते.

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. गावच्या सणाला, चर्चच्या हॉलमध्ये, आपण शेवटचं वाजवणार असं त्यांनी सांगून टाकलं. व्हिएन्नातल्या वॉल्ट्झ नाचाची एक संथ धून घेतली. गज दोनदा घसरला. संपल्यावर हॉल नेहमीसारखा गप्प. ते व्हायोलिन पेटीत ठेवायला वाकले, तेवढ्यात मागच्या रांगेतून काकींचा आवाज आला, "पुन्हा वाजवा हो!"

"आता नीट नाही यायचं गं."

"मग वाईट वाजवा. पण वाजवा."

त्यांनी वाजवलं, आणि खरंच पहिल्यापेक्षा वाईट वाजवलं. आम्ही मध्येच टाळ्या पिटल्या.

तेव्हापासून व्हायोलिन पेटीतच आहे. व्हिएन्नाच्या गप्पा चालू असतात, ग्लासही येतो. पण चार वाजले की काकी भाजीचं ताट घेऊन सवयीने त्यांच्याजवळ येऊन बसतात, आणि 'पुरे' म्हणायला काहीच नसतं.