नसलेल्या रेडिओची चोरी

खून, दरोडे, अपहरणं, सगळं पाहून मी जबलपूरमधून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पण कुणी आठवणी विचारल्या की मनात सर्वांत आधी येते ती एका मोटारीची फिर्याद. त्यातली माणसं याच शहरात राहतात, सणावाराला भेटतातही, म्हणून कुणाचंच नाव देत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी कालच्या नोंदी पाहत होतो. तेवढ्यात शहरातल्या चेरीताल भागातले एक गृहस्थ आले. मराठी माणूस, केंद्र सरकारच्या कार्यालयात अधिकारी, पन्नाशी उलटलेली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, माझ्या बाबांची गाडी लुटली."

"कुठून नेली?"

"नेली नाही. गाडी आहे. आतलं सगळं गेलं."

त्यांचे वडील इथल्या संरक्षण कारखान्यात अभियंता होते. तरुणपणी त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन तज्ज्ञाकडून त्याची मोटार विकत घेतली होती. लांबलचक, दोन दारांची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. वडील गेल्यावर मुलाने ती विकायचं ठरवलं आणि चालू करून घ्यायला रिछाई या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका मिस्त्रीकडे दिली. पुढच्याच आठवड्यात बाहेरगावचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी गॅरेजमध्ये ती पाहून आला आणि यांना म्हणाला, "भाईसाहब, मिस्त्री ने आपको लूट लिया. गाड़ी अंदर से खाली है." रेडिओ नाही, हीटर नाही, मागची सीट नाही. दारांच्या काचांच्या जागी प्लास्टिक. बॉनेट लोखंडाचं काढून पत्र्यासारखं हलकं बसवलेलं. बॅटरीसुद्धा पुढून काढून डिकीत टाकलेली. आता ही भंगारातच जाणार, पण तुमच्या वडिलांच्या आठवणीखातर सांगाडा मी घेऊन जातो, असंही व्यापारी म्हणाला होता.

"रेडिओ होता हे नक्की?" मी विचारलं.

"साहेब, मला पक्कं याद आहे. लहानपणी बाबा फिरवायचे तेव्हा गाडीत गाणी वाजायची."

माणूस बोलताना गहिवरला. प्रतिष्ठित फिर्यादी, स्पष्ट जबाब, आरोपीचा पत्ता ठाऊक. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला.

मिस्त्रीला आणलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, अत्यंत बोलका माणूस. आपल्याइतका गाडीचा जाणकार नर्मदेच्या या काठाला नाही, असं त्याने ठाण्याची पायरी चढतानाच दोन शिपायांना सांगून टाकलं होतं. गुन्हा ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"साहब, बोनट लोहे का था ही नहीं. जैसी आई, वैसी खड़ी है."

"म्हणजे कंपनीने सीटशिवाय गाडी विकली?"

"वो मुझे क्या पता! मैं तो खुद सोच रहा था, किसी ने इनके बाप को चूना लगाया."

मी आवाज चढवला. माझा आवाज त्या काळी ठाण्याबाहेरच्या पानठेल्यापर्यंत जायचा. मिस्त्री घामाघूम झाला, पाणी मागितलं, आणि शेवटी कोलमडला. "साहब, मान लेता हूँ. लिया है."

जबाब लिहून घेणाऱ्या ठाण्याच्या मुन्शीने लेखणी सरसावली.

"जैक. एक जैक लिया है डिक्की से. अच्छा जैक था, साहब."

मुन्शीने माझ्याकडे पाहिलं. लिहावं की नाही, त्याला कळेना.

चौकशीत मी एक गोष्ट अनुभवाने शिकलो होतो. सराईत माणूस लहान चोरी कबूल करून मोठी लपवतो, पण तो हे विचारपूर्वक करतो. हा माणूस जॅकसाठी खरोखर रडत होता. मनात शंका आली. पण त्याच वेळी फोन वाजला. नाव न सांगणाऱ्या एका माणसाने खबर दिली की चोरीचा माल गढा भागात मिस्त्रीच्या मेहुण्याच्या भंगार दुकानात दडवला आहे. शंका बाजूला राहिली, आम्ही जीप काढली.

मेहुण्याच्या दुकानात माल भरपूर निघाला. पंच बोलावले, पंचनामा सुरू झाला. हवालदार एकेक वस्तू उचलून मोठ्याने सांगायचा आणि मुन्शी लिहायचा. रेडिओ, एक नग. मागची सीट, एक नग. काळं बॉनेट, एक नग. ठाण्यात येऊन सगळा माल त्या मोटारीजवळ मांडला. मोटारही जप्त करून अंगणात पिंपळाखाली आणून ठेवली होती. फिर्यादी आणि गावातले बरेच रिकामटेकडे जमले होते.

आमच्या ठाण्यात नव्याने आलेली एक महिला उपनिरीक्षक होती. इंग्रजी चांगलं, डोकं शांत. तिने रेडिओ उलटा करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "सर, इसमें कैसेट लगती है."

साठ-पासष्टच्या सुमाराची गाडी, आणि रेडिओत कॅसेट. सीट गाडीत घालून पाहिली, तर ती एका टेम्पोची निघाली. बॉनेट एका जीपचं होतं. ते त्या मोटारीवर ठेवल्यावर धिप्पाड माणसाने लहान मुलाची टोपी घातल्यासारखं दिसलं. मागून कुणीतरी हसलं. मिस्त्री एका कोपऱ्यात उकिडवा बसून म्हणाला, "साहब, अब तो जैक लौटा दूँ?"

हसण्यासारखी गोष्ट असली तरी त्या माणसाच्या दृष्टीने ती नव्हती. गॅरेजला पोलिसांचं कुलूप लागलं, ही बातमी रिछाईभर झाली होती. लोक आपापल्या गाड्या ढकलत दुसरीकडे नेत होते. मिस्त्रीची बायको ठाण्याच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की माझा नवरा बढाईखोर आहे, चोर नाही. तिचं पहिलं विधान तरी मला पटलं होतं.

फिर्यादीच्या आईचा जबाब घ्यायचा राहिला होता. निव्वळ औपचारिकता. रेडिओ शेवटचा कधी पाहिला, एवढंच विचारायचं. दुसऱ्या दिवशी उपनिरीक्षकाला घेऊन मी चेरीतालला गेलो. ऐंशीच्या पुढच्या काकू, मूळच्या नागपूरच्या. समोरच्या खोलीत तूर निवडत बसल्या होत्या. मुलगा शेजारी उभा होता.

"काकू, गाडीतला रेडिओ तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

"कोणता रेडिओ?"

"गाडीतला. चोरीला गेलेला."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "काहून थट्टा करून राहिले तुम्ही? जन्म गेला माझा त्या माणसाला सांगता सांगता, की बाप्पा, गाडीत एक रेडिओ लावा म्हणून. जगाच्या गाडीत रेडिओ असते. आमच्या गाडीत भोक नाही रेडिओचं!"

मी सावरून बसलो. "आणि हीटर?"

"थंडीत भेडाघाटले नेलं होतं मला. दोन शाली गुंडाळल्या तरी दात वाजत होते. म्हटलं, एवढ्या मोठ्या गाडीत गरम हवा नाही? तर म्हणे, वजन वाढते. कोणाचं वजन वाढते, मी म्हटलं, गाडीचं का तुमचं?"

"मागची सीट?"

"सतरंजी! सतरंजी टाकून बसवत होतो पोरांले. हा आत्ता मोठा साहेब झाला, तेव्हा वळणावर आलूच्या पोत्यासारखा गडगडत जाय."

साहेबांचे कान लाल झाले. उपनिरीक्षकाला मराठी पुरतं येत नव्हतं, पण आलू आणि साहेब एवढं तिला कळलं असावं. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

काकू थांबायला तयार नव्हत्या. दाराची काच त्यांनी एकदा राखेने आणि काथ्याने घासली, तर तिच्यावर ओरखडे उठले, कारण ती काच नव्हतीच. त्या रात्री नवरा जेवला नाही. बॉनेटवर त्यांनी वाळवणाचं ताट ठेवलं, तर पोचा पडला, पुन्हा अबोला. "म्या म्हटलं, लोखंडाची गाडी घेतली का पापडाची?"

मुलगा एक पाऊल पुढे आला. तो म्हणाला, "पण आई, गाणी वाजायची ना. मला आठवते. सारखी वाजायची."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अरे बावा, तुझे बाबा म्हणत होते गाणी. मी रेडिओ रेडिओ करून डोकं खाल्लं, तर म्हणे हा घे रेडिओ. आणि पूर्ण रस्ता गात यायचे. मधूनच बातम्याही द्यायचे, तुले हसवाले. बेसुरे होते बिचारे. तुले गोड लागत होतं."

फिर्यादी दाराच्या चौकटीला टेकला आणि चष्मा पुसत राहिला. मी जबाब लिहून घ्यायला कागद काढला होता, पण ते वाक्य कोणत्या शब्दांत नोंदवावं हे मला सुचेना. 'रेडिओ नव्हता' एवढंच लिहिलं.

चोरी झाली नव्हती हे उघड झालं. पण एखादी कंपनी रेडिओ, हीटर, सीट काहीच न देता गाडी बनवते कशाला? आणि फोन करणारा कोण? फोनच्या नंबराची माहिती मी मागवली. गाडीचा इतिहास शोधायचं काम उपनिरीक्षकाकडे दिलं. तिने गाडीचे फोटो इंटरनेटवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पाठवले. संध्याकाळच्या आत अमेरिकेतून एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती. डोक्यावर टोपी, हातात कॉफी, आणि नुसता फोटो पाहूनच आवाज कापत होता.

त्याने पहिली विनंती केली, की बॉनेटला चुंबक लावून पाहा. ठाण्यातल्या फ्रीजवर आंब्याच्या आकाराचं एक चुंबक होतं. हवालदाराने ते आणून बॉनेटवर ठेवलं, ते घसरून खाली पडलं. मडगार्डवर ठेवलं, पडलं. दारावर ठेवलं, चिकटलं. म्हातारा प्रत्येक वेळी "ओह" म्हणत होता. मग रेडिओची जागा दाखवा म्हणाला. डॅशबोर्डवर तिथे अखंड पत्रा होता, भोक कधी पाडलेलंच नव्हतं. डिकीत बॅटरी पाहिली. शेवटी इंजिनामागच्या पत्र्यावरचा क्रमांक त्याला वाचून दाखवला. तो उठून आत गेला, जुन्या यादीत तो पडताळून परत आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

त्याचं म्हणणं उपनिरीक्षकाने आम्हाला समजावून सांगितलं. तिकडे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची शर्यत लावतात, जेमतेम पाव मैलाची. वळण नाही, काही नाही, जो आधी पोहोचेल तो जिंकला. अशा शर्यतीसाठी काही कंपन्यांनी कारखान्यातच मोजक्या गाड्या बनवल्या. वजन कमी करायला हलकं ॲल्युमिनियम, पातळ प्लास्टिक, आणि गरजेचं नाही ते सगळं वगळलं. बॅटरी मागे टाकली, म्हणजे मागच्या चाकांवर भार पडतो. हंगाम संपला की अशा गाडीला कुणी विचारत नसे. त्यातलीच एक त्या तज्ज्ञाने स्वस्तात घेऊन भारतात आणली असावी. ही गाडी कधीच मोडीत गेली, असं तिकडचे शौकीन धरून चालले होते.

"रास्ते में एक मोड़ भी नहीं?" हवालदार म्हणाला. "फिर ड्राइवर का क्या काम?"

"सर," उपनिरीक्षक म्हणाली, "ये कह रहे हैं, जो-जो सामान गायब है, गाड़ी की कीमत उसी की है."

त्याच सुमारास फोनच्या नंबराची माहिती आली. खबर देणारा तोच बाहेरगावचा व्यापारी होता.

त्याला नुसतं बोलावून विचारलं असतं तर तो म्हणाला असता की मी भल्यासाठीच फोन केला. म्हणून मी त्याला निरोप धाडला, खुशखबर आहे, या. पांढरे बूट, सुगंधी रुमाल, असा तो आला. मी चहा मागवला.

"आपकी मेहरबानी से सारा माल मिल गया," मी म्हणालो. "आता फिर्यादी म्हणतात गाडी आधी होती तशी करून द्या. मिस्त्री आत्ताच बसवतोय."

अंगणात मिस्त्री हातात ड्रिल मशीन घेऊन डॅशबोर्डसमोर वाकला होता. शेजारी तो कॅसेटवाला रेडिओ. हवालदाराने जीपचं बॉनेट आणि मोठी करवत धरली होती. मशीनला वीज जोडलेली नव्हती, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.

"हाँ भैया," मी आवाज दिला, "रेडियो का छेद करो."

मिस्त्रीने टोक पत्र्याला टेकवलं. व्यापारी हातातल्या कपबशीसकट उठून उभा राहिला.

"और वो हलका वाला बोनट काटकर फेंक दो."

"छेद मत करना!" व्यापारी किंचाळला. चहा पांढऱ्या बुटांवर सांडला. धावत जाऊन तो डॅशबोर्डवर दोन्ही हात पसरून आडवा पडला. "पागल हो क्या? इसमें रेडियो था ही नहीं! फैक्ट्री ने दिया ही नहीं था!"

मुन्शीने विचारलं, "सर, लिखूँ?"

"जसंच्या तसं लिही," मी म्हणालो.

पुढची चौकशी सोपी होती. गाडी काय आहे हे त्याने गॅरेजमध्येच ओळखलं होतं. मालकाला ती लुटलेली वाटावी आणि मिस्त्री तुरुंगात जावा, म्हणजे सांगाडा अलगद हाती येईल, असा त्याचा डाव होता. फसवणुकीचा प्रयत्न आणि पोलिसांना खोटी खबर, अशी कलमं लागली.

फिर्यादी स्वतः रिछाईला गेले आणि मिस्त्रीच्या दारात, चार लोकांदेखत, त्याची माफी मागितली. गाडी विकली नाही. मिस्त्रीने ती चालू केली. सध्या तो जगाला सांगतो की पहिल्या दिवशीच मी गाडी ओळखली होती, पण पोलिसांनी ऐकलं नाही. मी समोर असलो तरी सांगतो. मी ऐकून घेतो.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुणी वस्तू गेल्याची फिर्याद घेऊन आला, की ती होती हे कुणी पाहिलं, हे मी आधी विचारू लागलो. फिर्यादी खोटं बोलत नव्हता. आठवण प्रामाणिक होती, फक्त रेडिओच्या जागी बाप होता. आणि दुसरं असं, की त्या गाडीचा सगळा इतिहास, काय आहे आणि काय नाही, एका माणसाला तोंडपाठ होता. त्यासाठी अमेरिकेला फोन लावायची गरज नव्हती. पण काकू ते तक्रार म्हणून सांगत होत्या, त्यामुळे घरात कुणी ऐकलं नाही आणि आम्ही त्यांचा जबाब सगळ्यांत शेवटी घ्यायला गेलो. घरातल्या बाईची कुरकुर ही पुष्कळदा त्या घराची सर्वांत विश्वासू साक्ष असते.

कागदपत्रं मार्गी लागली त्या संध्याकाळी मी वेळेवर घरी गेलो. बायको दारातच चकित झाली. मी बूट काढले आणि सहज विचारलं, "आपल्या घरात काय काय नाही गं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "बसा. चहा ठेवते. वेळ लागेल."